उचलीची वही आणि नहेम्याचा पाचवा अध्याय: नवापूरकडच्या एका मंडळीचं प्रकरण

नवापूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीने आत्मिक संजीवनासाठी, म्हणजे विश्वासात नव्याने जागं होण्यासाठी, देवाजवळ मागणं केलं. ते मागणं कुठे अडलं आणि कुठल्या वाटेने पुढे गेलं, ते इथे लिहिलं आहे. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि पंच (मंडळीचे कारभारी) यांची परवानगी घेतली आहे. गावाचं आणि माणसांची नावं द्यायची नाहीत, हेही त्यांच्याशीच बोलून ठरलं. मी धुळे-नंदुरबार भागातल्या मंडळ्यांमध्ये वचनाच्या शिक्षणाचं काम करतो. या मंडळीत माझं जाणं-येणं प्रकरणाच्या मध्यावर सुरू झालं. त्याआधीचा भाग पाळकांकडून, महिला मंडळातल्या बायकांकडून आणि ज्यांच्याभोवती हे सगळं घडलं त्या मुकादमांकडून (ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदारांकडून) वेगवेगळा ऐकला. तिन्हींकडच्या सांगण्यात जिथे मेळ बसला तेवढंच घेतलं आहे.

पावसाळा सरला की खानदेशात ठिकठिकाणी संजीवन सभांचे बॅनर लागतात. मंडप, साउंड, बाहेरगावचे वक्ते, रात्रीचं जेवण. लोक मनापासून येतात आणि मनापासून रडतात. नाताळ येईपर्यंत बहुतेक मंडळ्या मात्र होत्या तिथेच असतात. अशा वेळी पाळकाने काय करावं, असं मला अनेकांनी विचारलं आहे. या मंडळीची हकिगत सविस्तर सांगण्याचं कारण तेच.

मंडळी आणि तिचं वर्ष

सुरत-धुळे महामार्ग सोडून डोंगराच्या अंगाने आत गेलं की हे गाव लागतं. वस्ती मावची लोकांची. गावित, वसावे, वळवी ही घरं जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले, नवापूर-नंदुरबारकडे त्यांचं काम वाढलं, पुढे चिंचपाड्याला ख्रिस्ती हॉस्पिटल उभं राहिलं. या गावातल्या विश्वासणाऱ्यांची मुळं त्याच काळात जातात. म्हणजे आजची पिढी तिसरी-चौथी. घरी मावची, उपासनेत मराठी, गाणी दोन्हींत. कौलारू प्रार्थनामंदिर जाऊन आता सिमेंटचं झालं आहे.

या मंडळीचं वर्ष दोन तुकड्यांत मोडतं, हे समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. पावसाळ्यात मंदिर भरलेलं असतं. दिवाळी झाली की ट्रक येतात आणि निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बारडोली-सुरतेकडच्या साखर कारखान्यांच्या शेतांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलं लहान असतील तर सोबत, मोठी असतील तर आजीकडे किंवा आश्रमशाळेत. एप्रिल-मे महिन्यात माणसं परत येतात. मधल्या काळात रविवारी मंदिरात म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि पाळक.

जाण्याची गाठ आधीच बांधलेली असते. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपतं, आजारपण निघतं, लग्नाचं देणं असतं. तेव्हा मुकादम उचल देतो. ही उचल तोडीच्या मजुरीतून कापली जाते. पडावावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामी, खायला मिळणारं धान्य, खावटी, तीही हिशोबात धरतात. या गावात उचलीवर दीडपट लागायची: हजार घेतले की हंगामाच्या शेवटी दीड हजार वजा. वही मुकादमाकडे. मजुराने अंगठा किंवा सही केलेली, पण वाचलेली क्वचित. हंगाम संपून हिशोब झाला की कित्येक घरांच्या हाती येण्याऐवजी अंगावरच बाकी निघायची, आणि त्या बाकीपोटी पुढच्या वर्षाचा कोयता आधीच बांधला जायचा.

मुकादम याच गावचे, याच मंडळीचे. पंचांमध्ये बसणारे, मंदिराच्या बांधकामाला सगळ्यात मोठी देणगी देणारे, पाळकाच्या मानधनात दर महिन्याला आपला हिस्सा न चुकता टाकणारे. माणूस रागीट नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर रात्री-अपरात्री गाडी काढून देणारा. मंडळीतली बहुतेक घरं त्यांच्या वहीत होती, आणि दर रविवारी मजूर आणि मुकादम एकाच सतरंजीवर बसून एकाच प्रभुभोजनात (येशूच्या मरणाची आठवण म्हणून घेतलेली भाकर आणि द्राक्षरस) भाग घेत होते.

तीन रात्री

पाळक तरुण, बायबल कॉलेजातून आलेले, आणि त्यांची तळमळ खरी होती. मंडळीत दारू वाढली होती, दोन भावकींत बांधावरून बोलणं बंद होतं, तरुण संघ नावापुरता उरला होता. त्यांनी पंचांपुढे सभेचा विषय मांडला. तयारीच्या उपासांत ते पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट सांगत: जून १९०५ मध्ये तिथे पवित्र आत्म्याचं काम कसं झालं, एका मुलीला अंगात अग्नी पेटल्यासारखं वाटलं आणि शेजारची मुलगी घाबरून पाणी आणायला कशी धावली, दुसऱ्या संध्याकाळी रमाबाई वचन समजावून सांगत असताना मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणं थांबवावं लागलं.

गोष्ट खरी आहे आणि सांगावी अशीच आहे. फक्त ती जूनपासून सुरू होत नाही. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना संजीवनासाठी रोज जमून प्रार्थना करायला बोलावलं तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या, आणि जून उजाडेपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. मधल्या महिन्यांत मंडप नव्हता, बाहेरचा वक्ता नव्हता. शिवाय तिथल्या रडण्याला विषय होता: मुली आपापली पापं नाव घेऊन कबूल करत होत्या. मंडळीच्या मनात यातला अग्नी तेवढा राहिला.

सभा दिवाळीआधी ठेवली, कारण नंतर माणसं सापडत नाहीत. मंडपाचा आणि साउंडचा खर्च मुकादमांनी उचलला. वक्ते हिंदीत बोलले, मराठीत भाषांतर झालं. तिसऱ्या रात्री वक्त्यांनी हाक दिली तेव्हा जवळजवळ सगळी मंडळी पुढे गेली. काही जण जमिनीवर पडले, काही अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलले. मुकादमही पुढे गेले आणि गुडघ्यावर बसून बराच वेळ रडले. हे मला चौघांनी वेगवेगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ट्रक आले. उचलीचे आकडे वहीत दीडपटीनेच चढले.

इथे एका गोष्टीवर थांबतो. त्या रात्रींना खोटं म्हणण्याची घाई पुष्कळ जण करतात. मी करणार नाही. अमेरिकेतल्या मोठ्या जागृतीच्या काळात, १७४१ मध्ये, जोनाथन एडवर्ड्स यांनी नेमका हा प्रश्न हाताळला होता. त्यांचं म्हणणं असं की अंग थरथरणं, रडणं, खाली कोसळणं यावरून काम देवाच्या आत्म्याचं आहे हेही ठरत नाही आणि नाही हेही ठरत नाही. त्यासाठी पुढे पाहावं लागतं: ख्रिस्ताची थोरवी वाढते का, पापाची किळस येते का, वचनाकडे ओढ लागते का, देवावर आणि माणसांवर प्रेम वाढतं का. मुकादमांचं रडणं खरं होतं असं मी त्यांच्याशी बोलल्यानंतर मानतो. त्यांनीच सांगितलं, "छातीवर काहीतरी जड होतं. कशाचं ते मला उमगत नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नाही. वक्ते म्हणाले, मोकळे झालात, हालेलुया म्हणा. मी म्हटलं." देवाच्या आत्म्याने ज्या जागी बोट ठेवलं होतं ती जागा उघडायला त्या रात्री कोणी मदत केली नाही. सभेच्या घाईत हे नेहमी घडतं, आणि माझ्या मते आपल्या सभांचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

शनिवारची प्रार्थना

एप्रिलनंतर माणसं परतली. दारू तशीच, बांधाचं भांडण तसंच. पाळक खचले आणि पुढच्या वर्षी मोठी सभा घेण्याच्या विचाराला लागले. वक्त्यांची तारीखसुद्धा विचारून झाली होती.

त्याच सुमाराला महिला मंडळाच्या शनिवारच्या उपास-प्रार्थनेत एक गोष्ट झाली. एक विधवा बाई आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांचा मोठा मुलगा त्या हंगामात तोडीला गेला होता. त्याला सिकलसेलचा त्रास. आमच्या भागात हा आजार घराघरांत आहे. तिसऱ्या महिन्यात त्याचं अंग दुखायला लागलं, कोयता धरवेना, घरी आणला, आणि चैत्रात तो वारला. त्याची फिटली नव्हती ती उचल, दीडपटीसकट, धाकट्या भावाच्या नावावर लिहिली गेली.

मावशींनी त्या शनिवारी मावचीत प्रार्थना केली. शिव्याशाप नव्हते. त्या देवाला म्हणाल्या, की माझं पोर तुझ्याजवळ आहे, त्याचं कर्ज मात्र इथे माझ्या दुसऱ्या पोराच्या डोक्यावर आहे. मला प्रभुभोजन घेताना घास उतरत नाही, हे तू बघ. मुकादमांची बायको त्याच सतरंजीवर होती. कोणी आमेन म्हटलं नाही. बायका तशाच उठून गेल्या.

पाळकांच्या बायकोने घरी येऊन हे सांगितलं. दोन वाटा होत्या. मावशींना समजावायचं, की प्रार्थनेत असले विषय काढू नयेत, मंडळीत फूट पडते. एका जुन्या पंचांनी हेच सुचवलंही. दुसरी वाट पाळकांनी धरली आणि तिथून हे प्रकरण वळलं. त्यांनी वक्त्यांना फोन करून तारीख रद्द केली आणि रविवारच्या उपासनेत बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक पहिल्या अध्यायापासून क्रमाने वाचायला घेतलं.

मी याच टप्प्यावर आलो. पाळकांनी नहेम्या का निवडला, तर पहिल्या अध्यायात उपास आहे, रडणं आहे, पापाची कबुली आहे; संजीवनाच्या विषयाला ते पुस्तक नेहमीच घेतलं जातं. आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि सगळे लोक रडतात. आपल्याकडे संजीवनावर बोलणारे बहुतेक जण पहिल्यावरून आठव्यावर उडी मारतात. क्रमाने वाचणाऱ्याला मात्र मध्ये पाचवा अध्याय ओलांडावा लागतो.

पाचव्यात यरुशलेमचा कोट बांधणारे लोक आक्रोश करतात. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली. आमची मुलं-मुली दास झाली. आणि घेणारे परके नाहीत, आमचेच भाऊ आहेत. त्या कामाचा पुढारी नहेम्या संतापतो, मनाशी विचार करतो, मग सरदारांना आणि अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर विचारतो. मी आणि माझे भाऊसुद्धा पैसा आणि धान्य कर्जाऊ देत आहोत, असं तो स्वतःला धरून बोलतो. शेतं, मळे, घरं आणि पैशाचा, धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा शंभरावा हिस्सा आजच परत करा, असं सांगतो. ते कबूल होतात, आणि तो याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेववतो. हे सगळं आठव्या अध्यायातल्या रडण्याच्या आधी.

पाळकांनी मला विचारलं, "सर, पाचवा वगळू का?" ते घाबरले होते आणि भीती रास्त होती, त्यांच्या घरची चूल काही अंशी मुकादमांच्या पैशावर पेटत होती. मी म्हटलं, वाचा, पण मुकादमांना बाणाने टिपायला वाचू नका. नहेम्याने आधी स्वतःचं नाव घेतलं, तेवढं तुम्ही करा.

त्या रविवारी त्यांनी अध्याय वाचला, त्याला जोडून याकोबाच्या पाचव्या अध्यायातलं, शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते, ते वचन वाचलं. उपदेश जवळजवळ केला नाही. फक्त सांगितलं, की माझ्या मानधनात कोणाचा घाम येतो हे मला माहीत होतं आणि मी कधी विचारलं नाही, याची मी देवाजवळ आणि तुमच्याजवळ क्षमा मागतो. मग म्हणाले, की पुढच्या महिन्याचं प्रभुभोजन आपण थांबवू. वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन समेट करावा, असं प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे. ज्याच्या ज्याच्यामध्ये हिशोब राहिला आहे त्याने तो काढावा.

प्रभुभोजन थांबवण्यावर नंतर बरीच टीका झाली. कृपेचा मेज माणसाने बंद करू नये, असं एका शेजारच्या पाळकांनी मला सांगितलं. मला ते पटत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला जे झापलं ते याच कारणासाठी: एक भुकेला राहतो आणि दुसरा चैन करतो, आणि त्याला तुम्ही प्रभूचं भोजन म्हणता. मात्र हा निर्णय टिकला याचं कारण तो एकट्या मुकादमांसाठी नव्हता. पाळकांनी स्वतःलाही बाहेर ठेवलं होतं.

मुकादमांची रात्र

दोन रविवार मुकादम आले नाहीत. मानधनाचा हिस्साही आला नाही. मग एका रात्री ते पाळकांच्या घरी आले. मी तिथेच मुक्कामाला होतो. त्यांनी राग काढला, आणि त्यात तथ्य होतं. "कारखान्याकडून उचल मी घेतो, माझ्या नावावर. कोयता पळून गेला तर ते पैसे माझ्या अंगावर. मंडळीतल्याच दोघांनी माझ्याकडूनही घेतली आणि दुसऱ्या मुकादमाकडूनही घेतली, आणि गेले तिसरीकडे. त्यांना कोणी विचारलं? दीडपट मी काय हौसेने लावतो?"

पाळक म्हणाले, "काका, त्यांनाही विचारू. पण मावशींच्या पोराचं काय?"

यावर ते गप्प झाले. त्या रात्री मी त्यांना कोरियातल्या प्योंगयांगची हकिगत सांगितली. जानेवारी १९०७ मध्ये तिथल्या मंडळीत मोठं संजीवन झालं. त्याच्या सुरुवातीला किल सन-जू नावाचे पुढारी सगळ्यांसमोर उभे राहिले. मरणाऱ्या मित्राने आपल्या बायकोच्या मालमत्तेची व्यवस्था त्यांच्यावर सोपवली होती आणि त्यातले शंभर डॉलर त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. ते त्यांनी बोलून दाखवलं. त्यानंतर त्या मंडळीत कबुलीचा बांध फुटला.

मुकादमांनी एवढंच विचारलं, "मग पैसे परत दिले का त्यांनी?"

मी म्हटलं, परत देतो असं त्यांनी तिथेच सांगितलं.

ते उठून गेले. पुढच्या रविवारी वही घेऊन मंदिरात आले.

वही कशी उघडली

इथे बारकाव्याने लिहितो, कारण पाळकांना उपयोगी पडेल असं याच भागात जास्त आहे.

मुकादमांना ती वही सगळ्यांसमोर वाचायची होती. पंचांनी त्यांना थांबवलं, आणि योग्य केलं. कोणी किती उचल घेतली यात घराघरांची अब्रू असते. लग्नात, आजारपणात, दारूतही. कबुली सगळ्यांसमोर झाली, हिशोब मात्र घरोघरी. शेजारच्या मंडळीतले दोन पंच आणि गावातले एक निवृत्त शिक्षक, असे तिघं बसायचे. मुकादम आणि ते घर समोरासमोर. मूळ उचल किती, खावटी किती, तोड किती टन, दीडपटीचा भाग किती, हे वेगळं काढायचं. नुकत्याच संपलेल्या हंगामातली दीडपट पूर्ण वजा झाली. आधीच्या वर्षांचं वहीत जे सापडलं ते परत द्यायचं ठरलं. जे वहीत नव्हतं तिथे मजुराचा शब्द धरायचा. कारखान्याकडून आणलेली मूळ रक्कम मात्र मजुराने फेडायचीच, कारण ती माफ करणं मुकादमांच्या हातात नव्हतं. मावशींच्या मोठ्या मुलाचं खातं बंद झालं आणि धाकट्याच्या नावावरची ओळ खोडली. परतफेडीसाठी मुकादमांनी ट्रॅक्टरची एक ट्रॉली विकली, उरलेल्याचे हप्ते ठरले. येशूला भेटल्यावर जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेल्याच्या चौपट द्यायचं कबूल केलं होतं. इथे एकपट आलं. मला तेही कमी वाटत नाही.

दुसऱ्या बाजूनेही माणसं उभी राहिली. दोन मुकादमांकडून उचल घेऊन पळालेल्यांपैकी एक जण स्वतः येऊन बोलला आणि फेडीचा कबुलीजबाब दिला. दुसरा आला नाही. त्याचं घर मंडळीपासून तुटलं आणि अजून तुटलेलंच आहे.

मग सगळ्यात अवघड प्रश्न आला. मुकादमांच्या टोळीत ख्रिस्ती नसलेलीही घरं होती. त्यांच्यातल्या एकाने रस्त्यात अडवून विचारलं, "तुमच्या लोकांचं सोडलं म्हणे. आमचं काय?" पंचांमध्ये वाद झाला. एक जण म्हणाले, नियमशास्त्रात भावाकडून व्याज घेऊ नये म्हटलं आहे, परक्याकडून घ्यायला मोकळीक आहे. महिला मंडळाच्या बायका या बैठकीला पहिल्यांदाच बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, की येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्याची जात विचारली होती का? तिथे वाद मिटला.

याला दुसरीही बाजू होती आणि ती पाळकांच्या ध्यानात आली, हे फार बरं झालं. फक्त मंडळीतल्यांची दीडपट माफ झाली असती, तर चर्चमध्ये गेलं की कर्ज सुटतं, असं गावात बोललं गेलं असतं. प्रलोभन देऊन धर्मांतर केल्याचा आरोप यायला एवढं पुरतं. त्यामुळे सगळ्यांना सारखाच न्याय द्यायचा आणि त्या कामात कोणालाही उपासनेचं आमंत्रण द्यायचं नाही, असं ठरवून घेतलं. सुवार्ता सांगायची ती वेगळी सांगावी, सरळ सांगावी. कोणाचे हक्काचे पैसे परत करताना नको.

त्यानंतर

भाताच्या लावणीचे दिवस होते. माणसं दिवसभर चिखलात, आणि तरी संध्याकाळच्या प्रार्थनेला येऊ लागली. कोणी बोलावलं नव्हतं. कीबोर्ड वाजवणारा मुलगा नवापूरला कामाला गेलेला, त्यामुळे गाणी टाळ्यांवर. पाळकांनी आठवा अध्याय वाचला त्या संध्याकाळी माझ्यासमोर जे झालं ते असं: वाचन संपायच्या आत मागच्या बाजूला एक माणूस उभा राहिला, बांधावरून भांडलेल्या दोन भावांपैकी थोरला. त्याने दगड आपणच सरकवला होता हे सांगितलं. धाकटा उठून त्याच्या पाया पडला. मग एकामागून एक माणसं बोलू लागली. चोरून विकलेली रेशनची साखर, बायकोला केलेली मारहाण, मंडळीच्या अर्पणातून घेतलेले पैसे. रडणं होतं, त्या तीन रात्रींपेक्षा जास्तच होतं. पण प्रत्येक रडण्याला विषय होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन करायचं काम होतं. काही घरांनी मोहाची दारू गाळण्याचं सामान स्वतःहून फोडलं. सगळ्यांनी नाही.

थांबवलेलं प्रभुभोजन त्यानंतरच्या रविवारी झालं. मावशी आणि मुकादमांची बायको शेजारी बसल्या होत्या. आनंद काय असतो तो मी त्या दिवशी पाहिला; नहेम्याही आठव्या अध्यायात रडणाऱ्या लोकांना उठवून जेवायला आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना वाटा पाठवायला सांगतो.

१९०४-०५ च्या वेल्समधल्या संजीवनात लोकांनी दुकानदारांची जुनी उधारी येऊन फेडली, असं नोंदलेलं आहे. अशा गोष्टी आपण संजीवनाची फळं म्हणून सांगतो आणि ते बरोबर आहे. या मंडळीत मात्र एका माणसाने, आत काही भरून आलेलं नसताना, केवळ वचन समोर आलं म्हणून वही उघडली. आणि लोकांची मनं भरून आली ती त्यानंतर. म्हणून जो पाळक मला विचारतो की संजीवनासाठी काय करू, त्याला मी सांगतो: प्रार्थना चालू ठेवा, वचन क्रमाने वाचा, आणि तुमच्या गावचा पाचवा अध्याय आला की तो वगळू नका. आत्मा कधी आणि कसा येईल हे आपल्या हातात नाही. वाचायचं आणि ऐकायचं, एवढं हातात आहे.

उचल मुळात घ्यावी लागते ती पावसाळ्यातल्या उपासमारीमुळे, हे पुढे बायकांनीच काढलं. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत मंडळीत जुनी होती. मिझोरमच्या मंडळ्यांत ती १९१० पासून चालत आली आहे. आधी ते तांदूळ विकून पैसे अर्पणात जात. आता ते मंदिराच्या खोलीत कोठीत राहतात आणि आषाढात गरजू घराला उसने मिळतात, जेवढे नेले तेवढेच सुगीनंतर परत. सोबत एक बचत गटही उघडला. यामुळे ऊसतोड बंद झालेली नाही. काही घरांची उचल कमी झाली, दोन घरं त्या वर्षी गेली नाहीत.

किंमत मोजावी लागली ती मुकादमांना. दीडपट नाही म्हणून ते आगाऊ रक्कम कमी देतात. शेजारच्या गावचा मुकादम जास्त देतो, म्हणून त्यांचे काही कोयते तिकडे गेले, त्यात मंडळीतलेही आहेत. जुन्या पंचांपैकी एक जण नाराज होऊन दुसऱ्या सहभागितेत जातात. पाळकांचं मानधन कमी झालं आहे आणि ते आता सकाळी मुलांच्या शिकवण्या घेतात. पुढच्या दिवाळीआधी मंडप न घालता, मंदिरातच, तीन संध्याकाळ वचन वाचायचं असं ठरलं आहे.

तो शेजारच्या गावचा मुकादमसुद्धा विश्वासणारा आहे, दुसऱ्या मंडळीचा. आपल्या मुकादमांनी त्याच्याशी बोलावं असं पंचांनी सुचवलं तेव्हा ते म्हणाले, आधी दोन्ही पाळकांनी बोलावं, मी सोबत येतो. दोन्ही पाळकांची एक भेट चिंचपाड्याला झाली आहे. दुसरी भाताची कापणी झाल्यावर, ट्रक यायच्या आधी, होणार आहे.